लहान मुलांची स्पीच थेरपी ऑनलाइन: कुणाला कितपत उपयोग झाला?

उदगीरकरीण

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

माझी मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. आई, बाबा, पापी (पाणी), भू, नाय असे दहा-बारा शब्द बोलते. समजतं सगळं. "बाबांची चप्पल आण" म्हटलं की आणते, हवं ते बोट दाखवून मागते, हाक मारली की वळून बघते. पण दोन शब्द जोडून अजून बोलत नाही. गावातले डॉक्टर "बोलेल, थांबा" म्हणत होते. लातूरच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र आधी बेरा (मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का ते बघणारी कानाची तपासणी) करून घ्यायला सांगितली. रिपोर्ट नॉर्मल आला. आता ते स्पीच थेरपी सुरू करा म्हणतात.

अडचण अशी की उदगीरहून लातूरला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. मी शाळेत नोकरीला, ह्यांचं दुकान. आठवड्यातून दोनदा जमणारच नाही. पुण्याच्या एक थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर घेतात असं कळलं. पण मुलगी कॉलवर आजोबांसमोरसुद्धा दोन मिनिटं बसत नाही, तिथे पाऊण तास कशी बसेल? शिवाय बोलत नाही म्हणून डॉक्टरांनीच मोबाईल बंद करायला लावला आणि आता थेरपी मोबाईलवरच, हे मला कळेनासं झालंय. कुणी केलंय का? खरंच फरक पडतो का?

(सासूबाई रोज सकाळी वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावतात. तो विषय वेगळा.)

जुनं_खोड

काही करू नका. आमचा धाकटा चार वर्षांपर्यंत मुका होता, आज वकिली करतो. मुलगे उशिराच बोलतात.

तिरकस

खोडसाहेब, धागा मुलीबद्दल आहे.

समई

उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बोलतात हे खरं आहे. पण आपलं मूल त्यातलं आहे की नाही हे आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर तपासायचं. ज्यांचं मूल बोललं ते इथे येऊन किस्सा सांगतात. ज्यांचं नाही बोललं ते कुठल्या रांगेत उभे असतात ते मला माहीत आहे, मी त्या रांगेत आहे. सविस्तर नंतर लिहिते.

कानसेन

मी ऑडिओलॉजिस्ट (ऐकू येतं का ते तपासणारी) आणि स्पीच थेरपिस्ट आहे. क्लिनिकमध्येही बघते, ऑनलाइनही. इथे कुणाला पेशंट म्हणून घेणार नाही, तेव्हा व्यनि (खाजगी निरोप) करू नयेत.

उदगीरकरीण, बेरा आधी झाली हे फार बरं झालं. माझ्याकडे कान न तपासता थेट थेरपीला येणारी मुलं अजूनही येतात. एक गोष्ट डॉक्टरांना विचारा. नेहमीची क्लिक-बेरा मुख्यतः उंच पट्टीचं ऐकू येतं का ते सांगते. मुलीला सारखी सर्दी होत असेल, कान फुटत असेल, तर पडद्यामागे पाणी साचतं, आणि ते कधी असतं, कधी नसतं. टिम्पॅनोमेट्री नावाची दोन मिनिटांची तपासणी असते, त्यात ते कळतं. मूल रडलं नाही तर झोपवायचीही गरज नाही.

आता वयाचं. दोन वर्षांचं मूल साधारण पन्नास शब्द बोलतं आणि दोन शब्द जोडायला लागतं. "बाबा गेला", "पाणी दे" असं. त्या हिशोबाने तुमची मुलगी मागे आहे, पण बोट दाखवणं, हाकेला वळणं, सांगितलेलं कळणं हे सगळं तिच्यात आहे, आणि माझ्या दृष्टीने शब्दांच्या आकड्याइतकंच ते मोलाचं आहे. जे मूल बोटही दाखवत नाही, नजर देत नाही, किंवा येत असलेले शब्द विसरलं, त्याच्यासाठी एक दिवसही थांबू नये, वय काहीही असो.

तुमचा खरा प्रश्न, ती स्क्रीनसमोर बसेल का? बसणार नाही, आणि बसवायचंही नाही. तीन वर्षांखालच्या मुलाची ऑनलाइन थेरपी ही मुलाची नसतेच, ती आईबापांची शिकवणी असते. माझ्या सेशनमध्ये फोन खिडकीत किंवा डब्यांना टेकवून ठेवलेला असतो, कॅमेरा जमिनीवरच्या पसाऱ्याकडे. आईच्या एका कानात इअरफोन. ती मुलाशी खेळते, मी बघते आणि तिच्या कानात बोलते: "आता गप्प राहा. पाचपर्यंत मोजा. तो तुमच्याकडे बघतोय, आता द्या." मुलाला कित्येकदा मी आहे हे माहीतही नसतं. मग स्क्रीनचा प्रश्न उरतोच कुठे? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचनांमध्येही दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हटलंय, पण नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलला सूट आहे. कारण त्या बाजूचा माणूस मुलाला उत्तर देतो. कार्टून देत नाही.

क्लिनिकमध्ये मी आठवड्याला दीड तास मूल बघणार. बाकीचा आठवडा ते तुमच्याकडे असतं. या वयात मी त्याला एकटीने शिकवू पाहणं तसंही फारसं उपयोगाचं नाही, आणि ऑनलाइनमध्ये ते आपोआप टळतं. क्लिनिकात आई बाहेर बाकावर बसून मोबाईल बघते. इथे तिला उठताच येत नाही!

उदगीरकरीण

बाप रे, केवढं लिहिलंत. धन्यवाद ताई. पण खेळायचं म्हणजे नेमकं काय? मी तिला रोज तक्ते दाखवते. फळं, प्राणी, रंग. "हे काय? हे काय?" विचारते. ती उठून जाते.

कानसेन

मीही उठून गेले असते :) दिवसभर कुणी तोंडी परीक्षा घेतली तर कोण बसेल?

प्रश्न कमी करा. ती जे करतेय ते तुम्ही बोला. ती वाटाणे टोपलीत टाकतेय, तर तुम्ही "टाक... टाक... अजून टाक... संपले!" एवढंच. पुढच्या वेळी "अजून..." म्हणून थांबा, तिच्याकडे बघा. काही आलं नाही तर स्वतःच पूर्ण करा आणि पुढे चला. नाक मुरडायचं नाही, "बोल ना" म्हणायचं नाही.

दुसरं, आपण सगळे नामं शिकवत बसतो. हत्ती, सफरचंद, जांभळा रंग. घरात हत्तीची गरज कितीदा पडते? मुलाला लागतात दे, घे, ये, जा, बस, उघड, नको, अजून. मराठीत आज्ञार्थ बघा किती छोटे आहेत, दे-घे-ये-जा तर एकेका अक्षराचे. माझ्या कितीतरी मुलांचा पहिला कामाचा शब्द "दे" होता. आवडीचा खाऊ पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. ती बरणी घेऊन तुमच्याकडे येईल. लगेच उघडू नका. "उघड?" म्हणा आणि थांबा. नुसतं "उ" आलं तरी बरणी उघडायची.

तिने "पापी" म्हटलं तर "पापी नाही, पाणी म्हण" नको. "पाणी. थंड पाणी. पाणी हवं?" असं तिच्या एका शब्दात आपला एक घालून परत द्यायचा.

पुण्याच्या थेरपिस्टला पहिल्या कॉलआधी जेवणाचा, अंघोळीचा, खेळाचा असे छोटे व्हिडिओ काढून पाठवा. मुलगी अनोळखी माणसासमोर जितकं बोलते त्यापेक्षा घरी जास्त बोलत असते. आणि लाईट गेली, नेट तुटलं तर ते व्हिडिओच कामाला येतात. एखादं सेशन त्यांवरही होऊ शकतं.

एडिसनचा_दिवा

न्यू जर्सीहून. आमच्या मुलाला दोन वर्षांचा असताना इथल्या अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये (विकासात मागे असलेल्या लहान मुलांसाठीची सरकारी सेवा) घेतलं. अमेरिकेत फेडरल कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलाचं मूल्यमापन फुकट होतं, पालक स्वतः फोन करून मागू शकतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तीन वर्षं पूर्ण झाली की तुम्ही शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे. हे नव्याने आलेल्या बऱ्याच देशी लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितोय. वाढदिवसाच्या अलीकडे जागं व्हाल तर मधल्या मध्ये लटकाल.

आमची थेरपिस्ट अमेरिकन, ऑनलाइनच. कानसेन म्हणतात अगदी तसंच, बायको जमिनीवर आणि ती बाई कानात. मजेची गोष्ट म्हणजे तिला मराठी ओ की ठो कळत नव्हतं तरी अडलं नाही. "घरी तुमच्याच भाषेत करा" म्हणाली. ओळखीतले चार लोक मात्र "आता मराठी बंद, फक्त इंग्रजी, त्याचा गोंधळ होतो" म्हणून मागे लागले होते. त्यात एक डॉक्टरही!

मग सांगलीच्या आमच्या आईला कॉलवर घेतलं. ती इकडे पोळ्या लाटताना बघते, "आता काय करायचं? लाट, लाट, लाट" म्हणते. नातवाच्या तोंडी "लाट" आधी आलं, "मोअर" नंतर.

समई

"मराठी बंद करा" हा सल्ला पुण्यातही सर्रास मिळतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून तर पहिला हाच. आई मोडक्या इंग्रजीत "कम हिअर, सिट डाऊन" करते आणि मूल दोन्हीकडून जातं.

कानसेन

एडिसन, समई, दोघांनाही अनुमोदन. दोन भाषांनी बोलणं उशिरा येतं याला पुरावा नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. "पाणी" मराठीत आणि "बॉल" इंग्रजीत असेल तर ते दोन शब्द झाले. आणि आईला ज्या भाषेत रागावता, लाडावता, गाता येतं तीच भाषा मुलाला द्यायची.

गोदाकाठ

थोडं वेगळं उदाहरण. मुलगा सात वर्षांचा, बोलतो भरपूर, पण र येत नव्हता. रामाचा लाम, रस्त्याचा लस्ता. वर्गात पोरं चिडवायला लागली तेव्हा हातपाय हलवले. नाशिकात थेरपिस्ट आहेत, पण संध्याकाळची वेळ मिळेना, म्हणून ऑनलाइन घेतलं.

या वयाला आणि या तक्रारीला ऑनलाइन अगदी झकास. मुलगा टेबलाशी बसतो, समोर आरसा, स्क्रीनवर बाई. त्यांनी आधी जीभ वर लावून ड-ड-ड पटापट म्हणायला लावलं, त्यातून हळूच र सुटायला लागला. मग नुसता र, मग रा-री-रू, मग शब्द, मग वाक्यं. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या पायरीला लागला. सेशनमध्ये "रविवारी रात्री" खणखणीत, जेवताना परत "लविवाली". बाई म्हणाल्या तो टप्पा असतोच, गडबडू नका.

एक तांत्रिक गोष्ट: फोनवर चेहरा फार जवळ घेऊ नका, लॅपटॉप बरा. आणि तोंडात बघायचं असेल तेव्हा दुसऱ्या फोनचा टॉर्च.

कानसेन

यात माझी भर. व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरला पंख्याचा आवाज आणि आपला "स" यातला फरक नीट कळत नाही. आवाज गाळण्याच्या नादात ते स, श अर्धे गिळून टाकतं. त्यामुळे श-स चुकणाऱ्या मुलाचं निदान मी नुसत्या कॉलवर करत नाही. फोनवर साधं रेकॉर्डिंग करून पाठवायला सांगते, ते ऐकते. झूममध्ये मूळ आवाज ठेवायची एक सोय असते, ती चालू करायला सांगते. र आणि ळ या बाबतीत त्रास देत नाहीत.

आणि सात वर्षांच्या मुलाचा र राहिला तर थेरपी घ्यावीच, पण तीन वर्षांच्या मुलाचा र येत नाही म्हणून पळत येऊ नका. र, ळ, ण हे सावकाश येणारे पाहुणे आहेत.

आजीबाई_जोरात

जिभेखालचा पडदा बघितला का? आमच्या वेळी दाई नखाने कापायची. आणि पोपटाचा उष्टा पेरू द्या, आमच्याकडच्या सगळ्या मुलांना दिलाय.

तिरकस

आजी, पोपट पिंजऱ्यातला चालेल की रानातलाच लागतो? अमेझॉनवर बघतो.

कानसेन

आजी, पेरू धुऊन द्या म्हणजे झालं. पडद्याचं मात्र सांगते. जीभ जास्तच बांधलेली असेल तर दूध ओढताना त्रास होतो, काही उच्चार अडतात. पण त्यामुळे मूल बोलायचंच थांबत नाही. ज्याला शब्दच नाहीत त्याचा पडदा कापून शब्द येत नाहीत. नखाने तर कुणीच कापू नये.

वेखंडाबद्दल: पोटात जास्त गेलं तर उलट्यांनी हैराण होतं मूल. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधात उगाळून तर मुळीच नको, त्या वयात मधच धोक्याचा. सासूबाईंना दुसरं काम द्या. त्या बडबडगीतं म्हणत असतील ना? ओळ म्हणायची आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायचं. याला आजीइतका धीर कुणाकडे नसतो.

समई

आता माझं. सगळं गोड चाललंय म्हणून दुसरी बाजू.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, साडेतीनचा असताना निदान झालं. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइनशिवाय पर्याय नव्हता. आमच्यासाठी ते चाललं नाही. तो नजर देत नव्हता, जागेवर थांबत नव्हता, मी त्याच्यामागे घरभर धावत असायची आणि थेरपिस्टला स्क्रीनवर रिकामी सतरंजी दिसायची. कानात सूचना आणि समोर मूल डोकं आपटतंय, अशा वेळी आई काय शिकणार? मी सेशन संपलं की रडायचे. प्रत्यक्ष जायला लागलो, ऑक्युपेशनल थेरपी (हालचाली आणि रोजची कामं जमावीत म्हणूनचे उपचार) जोडीला घेतली, त्याचं शरीर जरा शांत झालं, तेव्हा भाषेला जागा झाली. आता तो चित्रांच्या कार्डांवर आणि टॅबवरच्या बटणांवर बोलतो. हो, मी त्याला बोलणंच म्हणते. आता महिन्यातून एकदा ऑनलाइन असतं आणि ते उत्तम चालतं, कारण मला काय बघायचं ते कळतं.

दुसरं, पैशाचं. त्या काळात एका ऑनलाइन कंपनीने आम्हाला "मोफत तपासणी"ला बोलावलं. वीस मिनिटांत अहवाल, आणि तासाभरात फोन: पॅकेज आजच घेतलं तर सूट, उद्या किंमत वाढणार. थेरपिस्टचं नाव विचारलं तर "आमच्या तज्ज्ञांची टीम". दर आठवड्याला वेगळा चेहरा. पैसे परत मिळायला नाकी नऊ आले.

कानसेन

समईशी मी भांडणार नाही. जिथे मूल स्वतःला इजा करतंय, गिळायला त्रास आहे, ठसका लागतोय, किंवा आईच थकून गेली आहे, तिथे ऑनलाइनने सुरुवात नको. गिळण्याची तपासणी तर हात लावल्याशिवाय होत नाही.

फसवणुकीवर साधा उपाय आहे. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा आहे. स्पीच थेरपिस्टला परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव आणि सीआरआर क्रमांक (त्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक) लागतो. पहिल्याच फोनवर तो क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून बघा. चांगला थेरपिस्ट रागावत नाही. शिक्षण बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी, म्हणजे ऐकणं आणि बोलणं या विषयातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी. दोन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेले "स्पीच कोच" हल्ली पुष्कळ निघालेत. पॅकेज घेऊ नका, सेशनगणिक पैसे द्या. आणि पहिल्या भेटीनंतर "तीन महिन्यांत आपण नेमकं काय गाठायचं?" हे लिहून मागा. "मूल बोलायला लागेल" हे ध्येय नाही. "दिवसातून काही वेळा स्वतःहून दोन शब्द जोडेल" हे ध्येय आहे.

म्हापशेकार

पैसे परवडत नसतील त्यांचं काय? सेशनला आठशे-हजार सगळ्यांना जमत नाही.

कानसेन

जिल्हा पातळीवर सरकारी रुग्णालयाशी जोडलेलं डीईआयसी असतं, मुलांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१३ साली सुरू झालेल्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेखाली अंगणवाडीत, शाळेत तपासणीला पथकं येतात, ती तिकडेच पाठवतात. थेरपिस्टचं पद भरलेलं आहे का हे आधी फोन करून विचारा, ही रडकथा सगळीकडे आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३पासूनची. शिवाय ज्या कॉलेजांमध्ये बीएएसएलपी शिकवतात तिथल्या ओपीडीत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली थेरपी देतात, स्वस्तात. मला विचाराल तर तिथली तिसऱ्या वर्षाची पोरं जीव ओतून काम करतात.

खर्च वाचवायचा दुसरा मार्ग: पहिली तपासणी प्रत्यक्ष, मग पंधरा दिवसांतून एक ऑनलाइन सेशन, मधल्या काळात घरचा सराव आणि व्हिडिओ.

बाबा_बोलतोय

सगळीकडे आई, आई, आई. आमच्या घरी सेशन मी करतो. बायकोची शिफ्ट असते. कानात इअरफोन घालून प्लॅस्टिकच्या गाईला चारा घालताना शेजाऱ्यांनी बघितलंय, आता लाज उरलेली नाही.

तिरकस

+१. आणि गाय काय म्हणाली?

बाबा_बोलतोय

गाय अजून नाही बोलली. पोरगा "खा" म्हणाला.

उदगीरकरीण

धागा वर काढतेय, कुणी विचारलं नाही तरी सांगते :)

पुण्याच्या ताईंचं सुरू केलं. सीआरआर क्रमांक मागितला, त्यांनी लगेच दिला, वर "बरं केलंत विचारलंत" म्हणाल्या. टिम्पॅनोमेट्री पण केली. एका कानात पाणी निघालं. कानाच्या डॉक्टरांनी काही आठवड्यांनी परत बोलावलंय.

सेशन दुकानाच्या मागच्या खोलीत करतो, तिथे नेट बरं आहे. पहिल्या वेळी मला स्वतःचंच हसू येत होतं. ताईंनी सगळ्यात जास्त मला गप्प बसायला शिकवलं, शाळेत शिकवणाऱ्या बाईला हे किती अवघड आहे ते सांगून कळणार नाही. तक्ते कपाटावर टाकले. मुलगी आता "दे" म्हणते, "उग" म्हणजे उघड. परवा "बाबा ये" म्हणाली, ते दुकानातून पळत आले, गिऱ्हाईक तसंच उभं. अजून समवयस्क मुलांच्या मानाने फार कमी आहे, मला माहीत आहे. सासूबाईंना गाण्याचं काम दिलंय. वेखंड डब्यात गेलं, पूर्ण बंद झालं असं म्हणवत नाही.

नवी शंका: जूनमध्ये बालवाडीत घालायचं का? इथे एक इंग्रजी माध्यमाची आहे आणि एक मराठी. लोक म्हणतात चार मुलांत गेली की आपोआप बोलेल.

कानसेन

वा, "बाबा ये"! दोन शब्द जोडले की तिने.

बालवाडीत जरूर घाला, पण थेरपी त्याच्या भरवशावर थांबवू नका. चाळीस मुलांच्या गोंगाटात कानात पाणी असलेलं मूल मागे जाऊन बसतं आणि बाई म्हणतात शांत आहे, त्रास देत नाही. शाळा निवडताना माध्यमापेक्षा वर्गात मुलं किती आणि बाई मुलीशी तिच्या भाषेत बोलणार का ते बघा. तुमच्या गावात या हिशोबाने मराठी बरी पडेल असं वाटतं. बाईंना आधीच जाऊन सांगा: हिला समजतं सगळं, उत्तरासाठी थोडं थांबा, सगळ्यांसमोर उभं करून "बोल" म्हणू नका. पुढच्या बाकावर, ज्या कानात पाणी नाही तो कान बाईंकडे येईल असं बसवायला सांगा. आणि कानाची फेरतपासणी शाळा सुरू व्हायच्या आधी करून घ्या, पावसाळ्यात सर्दी सुरू झाली की परत गोंधळ.

एडिसनचा_दिवा

बाईंनाही एखाद्या ऑनलाइन सेशनला दहा मिनिटं घेता आलं तर बघा. आमच्या डेकेअरवालीला घेतलं होतं. ती "हे काय, हे काय" करणं तेव्हापासून विसरली.

उदगीरकरीण

हे बरं सुचवलंत. मराठी शाळेतल्या बाई माझ्या मैत्रिणीची बहीण आहे, शनिवारी भेटते.